सर्किट ओपनिंग रिले : एका आकृतीचं रसग्रहण

रसग्रहण कवितेचं करतात, फार तर कथेचं. गाडीच्या वायरिंग डायग्रामचं कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि त्याला कारणही आहे. ते पान हौसेनं कुणी उघडत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आलेली असते, बॉनेट उघडं असतं, जमलेल्यांपैकी दोघं दोन वेगवेगळे सल्ले देत असतात, तेव्हा ते पान उघडलं जातं. त्या घटकेला वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं की नेमकी कोणती वायर. रस घ्यायला सवड कुणाला?

तरीही काही आकृत्या अशा असतात की गाडी सुरू झाल्यानंतर निवांत बसून पुन्हा उघडाव्यात. 1980 च्या दशकातल्या टोयोटाच्या ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) इंजिनांमधलं फ्युएल पंपाचं सर्किट ही माझ्या मते त्यातली अव्वल रचना. अमेरिकेत टोयोटाच्या पिकअप आणि फोररनर गाड्यांत 22आर-ई नावाचं 2.4 लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन बसत असे. त्याच्या मॅन्युअलमध्ये हे सर्किट सापडतं. त्याच्या मध्यभागी मुठीत मावेल अशी एक डबी आहे, सर्किट ओपनिंग रिले. डबीला पाच टोकं : वीज आणणारं +बी, पंपाकडे जाणारं एफपी, सेल्फ मारताना जिवंत होणारं एसटीए, हवा मोजणाऱ्या यंत्राकडे जाणारं एफसी आणि अर्थचं ई1. आत दोन कॉइल, एक कॉन्टॅक्ट, एक रेझिस्टर, एक कंडेन्सर. सामग्री संपली. एवढ्या तुटपुंज्या ऐवजात आकृतिकारानं एक पेच उभा केला आहे आणि तो सोडवलाही आहे.

पेच कळायचा तर थोडं मागं जावं लागतं. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर ज्यांनी चालवली असेल त्यांना इंजिनाच्या कुशीला चिकटलेला तो पंप आठवत असेल. कॅमशाफ्ट फिरला की त्याचा उंचवटा पंपाची दांडी ढकलायचा, आतला पडदा वरखाली व्हायचा आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे चढायचं. भर उन्हाळ्यात घाट चढताना त्याच पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, गाडी मान टाकायची आणि लोक पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत बसायचे. या पंपाला नावं ठेवणारे पुष्कळ होते. मात्र त्याचा एक गुण कुणी बोलून दाखवत नसे, इतका तो अंगभूत होता. इंजिन थांबलं की पंप थांबायचा. त्याला हलवणारं दुसरं कुणी नव्हतंच.

इंजेक्शन आलं आणि हे नातं तुटलं. कार्बोरेटरचं पाव बारच्या आसपासच्या दाबात भागत असे. इंजेक्टरला अडीच-तीन बार लागतात, आणि तेही इंजिनानं पहिला फेरा घ्यायच्या वेळीच. म्हणून विजेचा पंप आला. पुढे तो थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून बसवायची पद्धत रूढ झाली. तिथे पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आता इंजिन एका टोकाला, पंप दुसऱ्या टोकाला आणि मध्ये गाडीच्या लांबीएवढी वायर. समजा अपघात झाला. इंजिन बंद पडलं, पेट्रोलची नळी फाटली, ड्रायव्हर शुद्धीवर नाही आणि चावी 'ऑन'वरच राहिली. विजेचा पंप काय करील? टाकी रिकामी होईपर्यंत तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. लोखंडात जे आपोआप होत होतं, ते आता तांब्याच्या तारेत मुद्दाम लिहून ठेवणं भाग होतं.

एखाद्या नवशिक्यानं ही आकृती सरळसोट काढली असती. बॅटरी, फ्यूज, चावी, पंप, अर्थ. अशी गाडी चालते, उलट जास्त खात्रीनं सुरू होते. टोयोटाच्या आकृतीत विजेची मुख्य वाट जवळपास तशीच आहे. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज आणि मेन रिले पार करून +बी या टोकापाशी येते आणि तिथे अडते. पुढचा कॉन्टॅक्ट उघडा आहे. चावी ऑन आहे, डॅशबोर्डवर लाल दिवे लागले आहेत, सगळ्या गाडीत वीज खेळते आहे, आणि पंप गप्प आहे. हा मुका क्षण मला या रचनेत फार महत्त्वाचा वाटतो. आकृतिकार म्हणतो की चावी ऑन असणं हा माणसाच्या इच्छेचा पुरावा झाला. इंजिन फिरत असल्याचा पुरावा वेगळा द्या, मग पेट्रोल मिळेल.

हा पुरावा कसा मागायचा, इथे त्याची कल्पकता दिसते. फिरणारं इंजिन हवा ओढतं. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या वाटेवर टोयोटानं एक पेटी बसवली आहे, एअर फ्लो मीटर. बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीच्या वळणाची ही पेटी. तिच्यात स्प्रिंगनं मिटलेला एक फ्लॅप असतो. हवा आत शिरली की तो कलतो आणि किती कलला यावरून संगणक पेट्रोलचं माप ठरवतो. हे त्या पेटीचं मुख्य काम. त्याच फ्लॅपच्या दांडीवर एक छोटा कॉन्टॅक्ट आहे. फ्लॅप पूर्ण मिटलेला असताना तो उघडा, फ्लॅप किंचित जरी हलला तरी बंद. त्याची एक वायर ई1 वर, म्हणजे अर्थवर, आणि दुसरी एफसी वर, म्हणजे आपल्या रिलेच्या एका कॉइलच्या शेपटाला. इंजिन हवा घेतं, फ्लॅप कलतो, कॉन्टॅक्ट मिटतो, कॉइलला अर्थ मिळतो, रिले ओढला जातो, पंप चालतो. इंजिन थांबलं, हवा थांबली, फ्लॅप मिटला, की ही सगळी साखळी उलट्या क्रमानं सुटते. फाटलेल्या नळीतून पेट्रोल येणं बंद. हवा मोजणारं यंत्र गाडीत होतंच. त्याच्याकडूनच हे दुसरं काम करून घेतलं. अल्पाक्षरी रचना म्हणतात ती ही.

इथे चाणाक्ष वाचक आकृतिकाराला अडवतो. इंजिन फिरल्याशिवाय हवा नाही, हवेशिवाय पंप नाही आणि पंपाशिवाय इंजिन फिरत राहणार नाही. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेतं. एवढ्याशा ओढीनं फ्लॅप भरवशानं कलेलच असं नाही. मग सुरुवात कोण करणार? आकृतिकारानं हा आक्षेप आधीच ओळखून ठेवला आहे, म्हणून तर डबीत दुसरी कॉइल आहे. ती एसटीए या टोकाला जोडलेली आहे. चावी शेवटच्या खाचेत दाबून धरली, सेल्फ फिरू लागला, की ही कॉइल जागी होते आणि तोच कॉन्टॅक्ट मिटवते. पंप चालतो, इंजिन पकडतं, हवेचा ओघ सुरू होतो. चावी सोडली की ही कॉइल सुटते, पण तोवर पहिलीनं कॉन्टॅक्ट धरलेला असतो. एकीनं दुसरीच्या हाती काम सोपवलं, आणि मधला क्षण बाहेर कुणाला जाणवला नाही.

आता राहिले ते दोन किरकोळ वाटणारे घटक, रेझिस्टर आणि कंडेन्सर. घाईनं पान उलटणारा त्यांच्याकडे बघतही नाही. पण भरधाव जाताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पटकन उचलला तर हवेचा ओघ एकदम घटतो, फ्लॅप दचकून मिटू शकतो आणि क्षणभर एफसी चा अर्थ तुटतो. रिलेनं तेवढ्यावर कॉन्टॅक्ट सोडला तर चालत्या गाडीला आचका बसेल. हे घडू नये म्हणून हे दोन घटक रिलेला क्षणभर धरून ठेवतात, शिवाय कॉन्टॅक्टवर ठिणगी उडणंही आवरतात. म्हणजे संशयी स्वभावाच्या या सर्किटनं थोडी सवलत ठेवली आहे. क्षणभर हवा दिसली नाही म्हणून ते इंजिनाला मेलेलं ठरवत नाही. आणखी क्षणभर थांबतं आणि मग ठरवतं. ही सवलत किती असावी हे ठरवण्यात आकृतिकाराचा खरा कस लागला असणार. जास्त दिली तर अपघातात पेट्रोल सांडणार, कमी दिली तर उतारावर गाडी आचके देणार.

इतका वेळ आपण सर्किट धडधाकट असताना वाचलं. बिघडल्यावर ते जास्त बोलतं, आणि गाडी सुरू न होण्याचं कारण शोधणं म्हणजे ते बोलणं कान देऊन ऐकणं. सेल्फ नीट फिरतो आहे, प्लगला स्पार्क आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी इंजिन पकडत नाही आणि सायलेन्सरशी पेट्रोलचा वासही नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला निकाल ठरलेला असतो : पंप गेला. पंप ही विकत मिळणारी वस्तू आहे, वायरिंगमधला बिघाड ही शोधावी लागणारी गोष्ट आहे. त्यामुळे आळ आधी वस्तूवर येतो. टाकी उतरवली जाते, नवा पंप बसतो, गाडी तशीच उभी राहते. आकृती वाचणारा मात्र आधी लक्षणाचं वळण बघतो.

एक वळण असं. सेल्फ मारताना इंजिन पकडतं, आणि चावी सोडली की त्याच क्षणी विझतं. पुन्हा मारलं की पुन्हा तेच. हे ऐकून आकृती समोर धरली तर उत्तर जवळजवळ छापलेलं दिसतं. सेल्फच्या वेळची कॉइल काम करते आहे, म्हणजे पंप चांगला, त्याची वायर चांगली, कॉन्टॅक्टही चांगला. काम एफसी च्या कॉइलच्या हाती जात नाही. म्हणजे एफसी ची वायर तुटली, फ्लॅपचा कॉन्टॅक्ट झिजला किंवा ती कॉइल जळली. तपासायला एअर फिल्टरकडची बाजू मोकळी करायची, चावी नुसती ऑन ठेवायची, बोट आत घालून फ्लॅप हलकेच ढकलायचा. गाडीच्या मागच्या अंगाला पंप घुमला तर ती साखळी शाबूत. बोट काढलं की फ्लॅप टक्कन मिटतो आणि घुमणं विरतं. एका बोटानं आपण इंजिनाची जागा घेतलेली असते, आणि सर्किट आपल्यालाच इंजिन समजून पेट्रोल पाठवू लागतं. वाचकाला संहितेत असा हात घालून बघता येतो, ही सोय कवितेतसुद्धा नसते.

दुसरं वळण : कितीही सेल्फ मारा, इंजिन पकडतच नाही. यासाठी आकृतिकारानं इंजिनाजवळ एक तपासणीचा कपलर ठेवला आहे. त्यात +बी आणि एफपी ही दोन टोकं शेजारीच उघडी मिळतात. चावी ऑन करून त्या दोहोंत वायरचा तुकडा अडकवला की रिलेचा कॉन्टॅक्ट बाजूला पडतो आणि वीज सरळ पंपाकडे धावते. पंप घुमला तर पंपाची बाजू निर्दोष सुटली. रिले, त्याला येणारी सेल्फची वायर किंवा रिलेचा अर्थ यांत खोट आहे. पंप गप्प राहिला तर खोट +बी च्या आधी आहे किंवा एफपी च्या पुढे. एका प्रश्नानं सर्किटची दोन शकलं झाली आणि एक हातावेगळं झालं. उरलेल्या शकलाच्या मध्यावर पुन्हा तोच प्रश्न. वायरीमागून वायर चाचपत जाण्यापेक्षा ही रीत फार लवकर पोचते, आणि तिला लागणारी विरामस्थळं आकृतिकारानं आधीच ठेवलेली आहेत.

टाकीजवळच्या कपलरपाशी आलं की आकृतीची मर्यादा समोर येते. पानावर प्रत्येक रेघ सारखीच काळी, सारखीच अखंड असते. वायरीचे रंगसुद्धा अक्षरांनी सांगितलेले : बी म्हणजे काळी, डब्ल्यू म्हणजे पांढरी, एल म्हणजे निळी, आणि एल-आर म्हणजे निळीवर तांबडी रेघ. खऱ्या गाडीत ती निळी वायर चिखल-पाणी झेलत चासीच्या कडेनं गेलेली असते. कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. बाहेरून वायर धड दिसते, आत मात्र दोन-चार तारांवर निभावत असते. या झिजेला आकृतीत चिन्ह नाही.

मीटरसुद्धा इथे फसवतो. पंप काढून ठेवून मोकळ्या कपलरवर डिजिटल मीटर लावला तर तो खुशाल 12 व्होल्ट दाखवतो. त्याचा आतला रोध बहुधा एक कोटी ओहम असतो, त्यामुळे त्याला जेमतेम एक मायक्रोअँपिअर पुरतो. एवढंसं गंजलेल्या सांध्यातूनही बिनबोभाट पार होतं. पंपाला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. सांध्यात एकच ओहम अडथळा असला तरी चार अँपिअरला चार व्होल्ट तिथेच संपतात, आणि पंपाच्या वाट्याला आठ येतात. मोकळ्या टोकावरच्या 12 व्होल्टांवर विसंबणं म्हणजे रिकामी कळशी लटकवून विहिरीचा दोर पक्का आहे असं ठरवणं.

म्हणून आपल्याकडचे जुने वायरमन इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना डकवून केलेला टेस्ट लॅम्प सोडत नाहीत, आणि या कामापुरतं ते बरोबर करतात. 21 वॉटचा तो बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे तारेवर खरोखरचं ओझं टाकतो. सांधा कच्चा असेल तर पांढरा जळण्याऐवजी पिवळट, मलूल जळतो. रिले आणि पंपाच्या वायरींवर हा लॅम्प लावावा. संगणकाकडे जाणाऱ्या बारीक वायरींवर लावू नये, तिथे मीटरच हवा. आणि टाकीचं तोंड उघडं असेल, पेट्रोलचा वास घमघमत असेल, तर तिथे ठिणगी उडू शकेल असं काहीच करू नये.

लॅम्पनं वाचायचं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. पंपाला वीज मिळेल अशी व्यवस्था करून लॅम्पचं एक टोक गाडीच्या बॉडीला आणि दुसरं टाकीजवळच्या कपलरमधल्या एफपी च्या पिनेला लावायचं. लख्ख लागला, म्हणजे वीज इथवर येते. वायरमन इथेच हात झटकतो : करंट येतोय, पंपच गेला. पण वाक्य अजून अर्धंच वाचून झालेलं असतं. लॅम्पचं पहिलं टोक बॉडीवरून काढून त्याच कपलरमधल्या अर्थच्या पिनेला लावायचं. आता लॅम्प विझला तर पंपाला दोष देणं घाईचं आहे. विजेला परतीची वाट नाही. आकृतीत अर्थची खूण सर्वांत खाली, निमुळती होत गेलेली, दुर्लक्ष व्हावं इतकी लहान असते. प्रत्यक्षात तो बॉडीला आवळलेला एक स्क्रू असतो, रंगावर किंवा गंजावर बसवलेला. त्याची पारख करायची तर पंप चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या अर्थच्या पिनेला लावावं. काटा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. व्होल्ट-दीड व्होल्ट दिसला तर दोष तिथेच आहे, आणि तो दुरुस्त करायला पॉलिश पेपर आणि पाना पुरतो.

कुठल्याही चांगल्या संहितेला पाठभेद असतात, तसे हिलाही आहेत. जर्मन गाड्यांमधल्या पुढच्या काळातल्या के-जेट्रॉनिक पद्धतीत रिले हवेकडे पाहत नाही; तो इग्निशन कॉइलच्या ठोक्यांवर कान ठेवून असतो, आणि ठोके थांबले की पंप बंद करतो. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत प्रश्नच निराळा विचारला जातो : धक्का बसला का? तिथे लोहचुंबकानं धरलेली पोलादी गोळी असते. जोराच्या धक्क्यानं ती सुटते, पंपाची वीज तोडते आणि बटण दाबून पुन्हा बसवावी लागते. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस पार्किंगमध्ये बसलेल्या धक्क्यानंतर पंप, रिले, वायरिंग सगळं तपासत बसतो.

आपल्याकडे 2000 च्या आसपास एमपीएफआय गाड्या सर्रास झाल्या आणि तिसरा पाठ घरोघरी आला. चावी ऑन केली की बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूं असा आवाज येतो आणि थांबतो. संगणकानं दाब भरून घेण्यापुरती परवानगी दिलेली असते. पुढे क्रँक सेन्सरकडून फेऱ्यांची खबर आली तरच तो रिलेच्या कॉइलचा अर्थ धरून ठेवतो. हा आवाज येऊन थांबत असेल तर पंप, त्याची वायर आणि रिले निदान त्या घटकेला तरी काम करत असल्याचा तो दाखला. ते सोडून क्रँक सेन्सर किंवा इमोबिलायझरकडे बघावं. आवाज मुळीच येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि अर्थ, याच क्रमानं जावं. उंदरांनी वायर कुरतडलेली असणं ही आपल्या पार्किंगमधली नेहमीची बाब आहे. मात्र या पाठाची सवय लागलेला माणूस त्या जुन्या टोयोटापाशी गेला तर गोंधळतो. चावी ऑन केल्यावर पंप गप्प, म्हणून तो पंपाला मृत घोषित करतो. तिथे ते गप्प बसणं हेच शुद्धलेखन आहे.

गुणदोषांचा ताळा मांडायचा तर नवा पाठ सरस आहे हे मान्य करावं लागतं. जुन्या रचनेत दाब आधी भरून ठेवण्याची सोय नाही. एअर फ्लो मीटरनंतरचा रबरी पाइप चिरला तर हवा फ्लॅपला वळसा घालून आत शिरते, इंजिन रखडतं, विझतं, आणि आळ वायरिंगवर येतो. इंजिनानं बॅकफायर केलं तर तो दणका थेट फ्लॅपवर बसतो. अपघातानंतरही इंजिन चालूच राहिलं तर या सर्किटला काहीच कळत नाही. क्रँक सेन्सर मोजतो थेट फेरे, त्यामुळे त्याचा पुरावा हवेच्या पुराव्यापेक्षा भक्कम. तरी वाचक म्हणून माझं मत जुन्या आकृतीच्या बाजूनं आहे. नव्या आकृतीत रिलेची रेघ एका मोठ्या चौकोनात शिरते, चौकोनावर ईसीयू (म्हणजे संगणक) लिहिलेलं असतं, आणि वाचन तिथे संपतं. विचार आत झाला, आपल्याला निकाल कळला. टोयोटाच्या पानावर सगळा विचार उघड्यावर मांडलेला आहे. शंका, पुरावा, अपवाद, सवलत, प्रत्येकाला रेघ आहे, आणि प्रत्येक रेघेवर लॅम्प टेकवता येतो.

राहता राहिला एक मुद्दा, तो रसिकतेच्या पलीकडचा आहे. दोष सापडत नाही, गिऱ्हाईक घाईत आहे, अशा वेळी आपल्याकडे पंपाला 'डायरेक्ट' दिला जातो. इग्निशनच्या वायरीवरून एक तार ओढून पंपाला जोडली, की गाडी लगेच सुरू होते, पैसेही कमी लागतात आणि वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. त्या एका तारेनं सबंध आकृती खोडली जाते. इंजिन फिरतं आहे का, हे विचारणारं गाडीत कुणी उरत नाही, आणि नळी फाटली तर पंप इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहतो. तपासणीपुरती मिनिटभर जोडलेली तार वेगळी. टेप गुंडाळून कायमची ठेवलेली तार वेगळी. जुनी गाडी विकत घेतली असेल, किंवा सुरू न होण्याच्या तक्रारीवर कुणी स्वस्तात इलाज करून दिला असेल, तर पंपाची वायर कुठून येते ते एकदा विचारा. उत्तर 'डायरेक्ट' असं आलं तर ती तार काढून घ्या, रिले त्याच्या जागी बसवायला लावा आणि खरा दोष शोधून घ्या. बहुतेक वेळा तो एखादा गंजलेला कपलर किंवा सैल झालेला अर्थ निघतो.